हॅल्डेनची हनुवटी

डिफायन्स, ओहायो
२२ सप्टेंबर १९९३

प्रिय मर्ल,

ऑगस्टपासून तुला एक ओळही पाठवली नाही, त्याबद्दल माफ कर. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण शाळा सुरू झाल्यावरही मी रोजची डायरी लिहितेच आहे. मग तुझ्या पत्राला वेळ नव्हता हे कसं खरं? खरं कारण राग. लेस्टरकाकांच्या गॅरेजमध्ये आपण खेळाडू निवडायला जमलो, तेव्हा तू बटाट्याच्या सॅलडचं अख्खं भांडं कोपरानं खाली पाडलंस, आणि निघताना माझी गाडी गॅरेजच्या खांबाला घासलीस. "एकच बिअर घेतलीये गं," असं तू म्हणालास. मी विश्वास ठेवला नाही. बाबा गेल्यावर त्यांच्या खुर्चीत पहिल्यांदा बसायचं, आणि तेही पिऊन, असं मी त्या रात्री डायरीत लिहिलं. अजूनही तसंच वाटतं. पण त्यासाठी अबोला धरणं बरोबर नव्हतं.

आता कामाचं. बाबांनी आणि लेस्टरकाकांनी सुरू केलेल्या या फुटबॉलच्या कागदी लीगमध्ये, जिथे मैदानावर खेळतात खरे खेळाडू आणि त्यांचे गुण मोजतो आपण, सहा संघांच्या सहा खुर्च्या आहेत, आणि हंगाम संपताना जो तळाला असेल त्याची खुर्ची जाते. हा नियम बाबांनीच केला होता. आज तळाला आपण आहोत. तीन आठवडे झाले, त्यातले दोन हरलो. टोलीडोचे चेंडू फेकणारे दोन्ही क्वार्टरबॅक आपल्या कागदावर आहेत, रस हॅल्डेन आणि डेल व्हिटेकर. एक छत्तीस वर्षांचा, एक तेवीस. मैदानावर चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, हे त्यांच्या प्रशिक्षकालाच ठरवता येत नाहीये: हॅल्डेननं सुरुवात करायची, अडलं की व्हिटेकरला आत पाठवायचं. आपल्याला मात्र दोघांतला एकच लावता येतो, आणि त्याचेच गुण मिळतात.

आपल्या संघाला दोन मालक, म्हणून लेस्टरकाकांनी आपल्यापुरता एक नियम काढला आहे. क्वार्टरबॅक बदलायचा तर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत दोघांची संमती त्यांच्याकडे पोचली पाहिजे. नाही पोचली, तर मागच्या आठवड्याचाच माणूस कायम. "उद्या तुम्ही भावंडं माझ्या गॅरेजात भांडाल, आणि मला मधे पडावं लागेल," असं म्हणाले.

माझं मत व्हिटेकर. तू फोनवर 'हं'च्या पुढे जात नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून फोन मागत नाही. एक ओळ लिही. खुर्ची बाबांची आहे, मर्ल. ती आपल्या पहिल्याच वर्षी जाऊ नये.

तुझी,
कॉरिन


'एल्डन रोहर' जहाज, ह्यूरॉन सरोवर
२७ सप्टेंबर

कोरे,

तुझं पत्र शनिवारी हातात पडलं. म्हणजे शुक्रवार गेलेला, म्हणजे हॅल्डेनच खेळला, म्हणजे माझं मत न विचारताच मान्य झालं. डेट्रॉइटला जहाज काही टपालासाठी थांबत नाही. टपालाची होडी चालत्या जहाजाला बिलगते, आम्ही दोरीला बांधलेली बादली खाली सोडतो, ते तीत पत्रं टाकतात, आम्ही ओढून घेतो. या वेळी बादली वर आली तशी आमचा खानसामा ओरडला, "मर्ल, कोणीतरी बाई तुझ्यावर चिडलीये! पाकीट केवढं जाड आहे!"

बिअर एकच होती. हे दुसऱ्यांदा सांगतोय, तिसऱ्यांदा सांगणार नाही.

आता तुझा व्हिटेकर. पाय चांगले आहेत पोराचे. पण कोणी अंगावर आलं की आधी पळतो, मग विचार करतो. तू आकडे बघतेस. मी माणूस बघतो. हॅल्डेनकडे नीट बघ. पूर्वी तो नुसते डोळे फिरवायचा. आता डावीकडे फेकायच्या आधी हनुवटी वळवतो. सगळं डोकंच, सावकाश, जसं काही खांद्यामागून कोणी हाक मारलीये. टीव्हीवरचे पोपट म्हणतात, म्हातारा मंदावला. मंदावला नाही, सावध झालाय. एका बाजूचा भरवसा नसला की माणूस दोनदा बघतो, आणि दोनदा बघणारा माणूस जहाज खडकावर घालत नाही. अठ्ठावीस वर्षं जहाजाच्या सुकाणूच्या चाकावर उभं राहून एवढं तरी मला कळतं.

हॅल्डेनला राहू दे. शाळेतल्या पोरांना माझ्या वतीनं थोडा गृहपाठ कमी दे.

मर्ल


डिफायन्स
५ ऑक्टोबर

प्रिय मर्ल,

पुन्हा हरलो. मंगळवारचा पेपर आला की लेस्टरकाका पेन्सिलीनं बेरीज करतात आणि आधी मला फोन लावतात. आज म्हणाले, "काय मास्तरीणबाई, तुमच्या रसायनशास्त्रात म्हाताऱ्या माणसाला तरुण करायचं काही औषध आहे का?" मी म्हटलं, "असतं तर आधी तुम्हाला दिलं असतं." हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरी, गॅरी उशी घेऊन आलाय."

त्यांचा जावई गॅरी दोन वर्षं खुर्चीची वाट बघतोय, हे तुला माहीत आहे. शनिवारी त्यानं स्वतःची उशी आणून बाबांच्या खुर्चीवर ठेवून पाहिली. "नुसतं माप घेत होतो," असं म्हणाला. चांगला माणूस आहे. मला त्या उशीचा इतका राग आला की घरी येईपर्यंत मी दात आवळून धरले होते.

तू सांगितलंस म्हणून रविवारचा सामना टेपवर उतरवून घेतला आणि थांबवत थांबवत पाहिला. हॅल्डेन हनुवटी वळवतो, तुझं म्हणणं खरं आहे. मी इतकी वर्षं त्याला पाहते आहे, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण ही सावधगिरी आहे असं मला वाटत नाही. तो दुसऱ्यांदा बघेपर्यंत समोरचा माणूस येऊन भिडलेला असतो. रविवारी दोनदा तो डावीकडूनच पाडला गेला, आणि दोन्ही वेळा पडताना त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. वेदना नव्हती, आश्चर्य.

मग मला शंका आली की मला व्हिटेकर हवा आहे, म्हणून मी हॅल्डेनच्या चुकाच तेवढ्या वेचते आहे. म्हणून टेप मागे नेऊन व्हिटेकरच्या चुका लिहिल्या. त्या कमी नाहीत. त्यानं एक चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला आणि वर स्वतःशीच हसला. तरीही, तो जे चुकतो ते त्याला दिसलेलं असतं.

संमती दे, मर्ल. या शुक्रवारी.

कॉरिन


'एल्डन रोहर', सेंट मेरीज नदी
११ ऑक्टोबर

कोरे,

नाही.

एवढंच लिहिणार होतो, पण खानसामा म्हणतो, बहिणीला एका शब्दाचं पत्र पाठवलं तर टपालहोडीवाले बादली पाण्यात बुडवतील. म्हणून पुढे लिहितोय.

हॅल्डेनची मान आखडलेली असेल. छत्तिसाव्या वर्षी बारा हंगाम मार खाल्ल्यावर तुझीही आखडेल. म्हणून काय त्याला बाकावर बसवायचं? त्या मैदानाचा कोपरा न् कोपरा त्याला पाठ आहे. कोण कुठे धावणार हे त्याला बघावंही लागत नाही.

एक गंमत सांगतो. परवा सकाळी नदीवर थोडं धुकं होतं. वळणावर मी चाकावर, शेजारी ड्यूटीवरचा अधिकारी, मागे नेट. हा नेट नवा पोरगा, माझ्यानंतरची पाळी त्याची. तो पाळीच्या अर्धा तास आधीच येऊन उभा राहतो, जसा काही मी सिनेमाच आहे. तर डावीकडून एक मासे धरणारी एवढीशी होडी. अधिकारी किंचाळला, "अरे डावीकडे, डावीकडे! झोपलास काय, मर्ल?" मी चाक फिरवलं. होडीतला म्हातारा उभा राहिला, टोपी काढली, आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याच्या कॉफीत आमच्या लाटेचं पाणी गेलं म्हणे! दिवसभर सगळे मला 'कॉफीवाला' म्हणत होते. धुक्यात कोणालाही दिसली नसती. नेट म्हणतो त्याला दिसली होती, पण नेट पंचवीस वर्षांचा आहे, त्याला काय, सगळंच दिसतं.

गॅरीला सांग, उशी घरी ठेव. खुर्चीत बसलेला माणूस अजून उठलेला नाही.

मर्ल


डिफायन्स
१९ ऑक्टोबर

मर्ल,

तुझी गंमत मी तीनदा वाचली. मला हसू आलं नाही.

थोडं धुकं होतं, कोणालाही दिसली नसती, पण नेटला दिसली. आणि ओरडणाऱ्या अधिकाऱ्याला दिसली. मग कोणाला दिसली नाही?

शेवटच्या वर्षांत बाबा रस्त्यावर गाडी काढताना डावीकडे कसे बघायचे ते आठव. आधी हनुवटी, मग डोकं, मग खांदा. आपण विचारलं की म्हणायचे, "मान आखडलीये रे." मिसेस ओबरहाउसच्या दारातली टपालपेटी गाडीखाली आली तेव्हा मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, कडेची नजर आधी जाते, आणि माणसाला कळतही नाही, कारण जे दिसत नाही ते मेंदू ओळखीनं भरून काढतो. तू तेव्हा जहाजावर होतास. मी तुला फक्त 'बाबांना डोळ्यात थेंब घालावे लागतात' एवढंच कळवलं. पुढचं सांगायला हवं होतं: तो घराण्यात उतरतो.

सॅलडचं भांडं तुझ्या डावीकडे होतं. गॅरेजचा खांब डावीकडे होता. होडी डावीकडे होती. बिअर एकच होती, मर्ल, आता मी मानते.

हॅल्डेनच्या हनुवटीत तुला जे दिसलं ते टीव्हीवरच्या कोणालाही दिसलं नाही. तुलाच का दिसलं?

या आठवड्यात क्वार्टरबॅकबद्दल मी काही विचारत नाही. एकच विचारते. कधीपासून?

कॉरिन


'एल्डन रोहर', सुपीरियर सरोवर
१ नोव्हेंबर

कॉरिन,

दोनदा टपालहोडी आली, आणि दोन्ही वेळा मी बादली रिकामी सोडली. काय लिहायचं ते सुचत नव्हतं, आणि जे सुचत होतं ते बहिणीला लिहिण्यासारखं नव्हतं.

तू मास्तरीण आहेस. डॉक्टर नाहीस. टेबलावरचं एक भांडं आणि एक खांब यांची बेरीज करून तू माझी नोकरी वजा करायला निघालीस.

बरं. मार्चपासून. बाबांची शवपेटी उचलून चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा डाव्या बाजूची शेवटची पायरी मला दिसलीच नाही. तू समजलीस मी रडतोय म्हणून अडखळलो. मीही तसंच समजलो. मग एप्रिलमध्ये जहाजावर आलो, तर डावीकडचे दिवे वेळेआधी विझायला लागले. धुकं म्हणतो मी त्याला. बाकीच्यांनाही तेच सांगतो.

आता माझं ऐक. पुढचा हंगाम झाला की माझी निवृत्ती. फक्त पुढचा. या पाण्यातला प्रत्येक दिवा, प्रत्येक वळण मला पाठ आहे. कॅप्टनना कळलं तर मला त्याच दिवशी उतरवतील, आणि मग मी कोण? किनाऱ्यावर मला काय येतं? डिफायन्समध्ये तुझ्या मागच्या खोलीत बसून गवत कापायच्या यंत्राला तेल घालत बसू? तू अशा माणसाबद्दल लिहितेस ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही.

तुला न्याय हवा ना? मग असं करू. चौदा तारखेला टोलीडोचा सामना आहे. अख्ख्या हंगामातला सगळ्यात अवघड. हॅल्डेन त्यात पडला, प्रशिक्षकानं त्याला बाहेर काढलं, तर मी स्वतः कॅप्टनकडे जातो. पण तो टिकला, तर मीही टिकतो, आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. शब्द दे.

नोव्हेंबरचा वारा सुरू झालाय. काल स्वयंपाकघरातली भांडी भिंतीवर चढली होती.

मर्ल


डिफायन्स
१५ नोव्हेंबर

मर्ल,

मी शब्द दिला नाही. पण नाकारलंही नाही, दोन आठवडे गप्प बसले. हे का, ते मला आता स्पष्ट लिहिलंच पाहिजे. मला खात्री होती की हॅल्डेन पडेल. मग मला काहीच करावं लागणार नव्हतं. टीव्हीवरचा एक परका माणूस माझं काम करणार होता. गेल्या आठवड्यात वादळाच्या बातम्या आल्या तेव्हा मी रेडिओजवळ बसून जहाजांची नावं ऐकत होते, आणि तेव्हासुद्धा पेन उचललं नाही.

आणि हॅल्डेन पडला नाही. तीन टचडाउन, चेंडू तीनदा रेषेपार! लेस्टरकाकांचा फोन सामना संपायच्या आतच आला. "पोरी, तुझा म्हातारा पेटला की! बेरीज करायला पेन्सिल पुरेना! तू तळातून वर आलीस, गॅरी उशी इथेच टाकून घरी गेला!" मी म्हटलं, "छान." ते म्हणाले, "छान काय? नाच की!" मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. सामना चालू असताना मी काय करत होते, ते तुला सांगते. बाबांची खुर्ची वाचवणारा माणूस चेंडू फेकत होता, आणि मी टीव्हीसमोर उभी राहून पुटपुटत होते: पड. पड ना.

माणसानं पैजेवर ठेवावं अशी ही गोष्टच नव्हती. तुझ्या चाकामागे तू एकटा नाहीस. खानसामा आहे, नेट आहे, होडीत कॉफी पिणारा म्हातारा आहे. हॅल्डेन चुकला तर एक सामना जातो.

सोबत दुसरं पाकीट आहे. ते तुमच्या कॅप्टनच्या नावावर आहे, चिकटवलेलं नाही. वाच. त्यात मला जे माहीत आहे तेवढंच आहे, एक शब्द जास्त नाही. मी ते सरळ त्यांना पाठवू शकले असते. तुझ्या पाठीमागून करायचं नाही, म्हणून तुझ्या हातात देते आहे. तू ते त्यांना दे, किंवा फाड आणि स्वतः जाऊन सांग. पुढच्या सोमवारपर्यंत तुझ्याकडून काही कळलं नाही, तर दुसरी प्रत सरळ त्यांच्या नावानं जाईल. ती लिहून तयार आहे.

यानंतर तू माझ्याशी बोलणार नाहीस, अशी शक्यता मी धरून चालले आहे.

कॉरिन


सुपीरियर, विस्कॉन्सिन
१६ नोव्हेंबर

कोरे,

पत्त्यावर बघ. जहाजाचं नाव नाही.

वाऱ्यामुळे आम्ही रविवारी धक्क्यालाच बांधलेले होतो. जेवणाच्या खोलीत टीव्हीवर तोच सामना लागला. पहिला टचडाउन झाला, पोरं टेबलं बडवायला लागली. खानसाम्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला, "बघ, मर्ल, म्हातारं हाड!" दुसरा झाला. तिसऱ्याला तर कोणीतरी पॅनकेकची थाळी हवेत उडवली.

तिन्ही उजवीकडे, कोरे.

तू पेपरात तीन हा आकडा वाचला असशील. बाजू वाचली नसशील, कारण ती पेपरात छापत नाहीत. त्यानं अख्ख्या सामन्यात डावीकडे एकदाही चेंडू टाकला नाही. आता हनुवटीसुद्धा वळवत नव्हता. तिसऱ्या टचडाउनच्या आधी डावीकडे त्याचाच माणूस एकटा मोकळा उभा होता, दोन्ही हात वर करून. मैदान अर्धं उरलंय त्याच्यासाठी. पुढच्या रविवारी समोरचा संघ हे ओळखून येईल, आणि त्याला चिरडतील.

सगळे ओरडत होते, तेव्हा नेट माझ्या शेजारी वाकून हळूच म्हणाला, "मर्ल, तो डावीकडे बघतच नाहीये ना?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय, गप बस."

मला ते नेटच्या आधी दिसलं होतं. पहिल्याच टचडाउनला. आणि मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होतो.

पैज मी जिंकलो होतो. हातातली कॉफी ठेवली आणि वर कॅप्टनच्या खोलीत गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कधीपासून?"

"मार्चपासून."

"मग मार्चपासून हे जहाज कोण चालवत होतं?"

"पाठांतर, कॅप्टन."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "तू दार वाजवून आलास, म्हणून मी एवढं बोलतोय. सामान बांध." आणि दारापर्यंत आले. डावीकडचा उंबरठा उंच आहे, तिथे त्यांनी नुसता हात आडवा धरला.

सोमवारी वारा पडला, जहाज निघालं. चाकावर नेट. मी पिशवी घेऊन धक्क्यावर. अठ्ठावीस वर्षांत जहाज बाहेरून निघताना मी कधी पाहिलं नव्हतं. फार मोठं आहे गं ते. आपण इतकं मोठं काहीतरी वळवत होतो, हे आतून कळत नाही.

आज पलीकडे डुलुथला डॉक्टरांकडे गेलो. तू म्हणालीस तेच. डावा बराच गेलाय, उजव्यात सुरुवात आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येतं. त्यांनी विचारलं, "भाऊबहीण?" मी म्हटलं, "एक बहीण आहे, तिला सगळं दिसतं." ते हसले नाहीत. म्हणाले, "तिला तपासून घ्यायला सांगा." म्हणून हे सांगतोय.

शुक्रवारसाठी: व्हिटेकर. ही माझी संमती, सहीसकट. लेस्टरकाका कागद मागतील, तर हा दाखव.

शनिवारी सकाळच्या बसनं टोलीडोला उतरतोय. मागच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवू नकोस, मला चालेल.

मर्ल हफर्ड


डिफायन्स
१९ नोव्हेंबर, शुक्रवार

मर्ल,

हे पत्र टाकायला पत्ताच नाही. तू बसमध्ये कुठेतरी आहेस, आणि माझं सोमवारचं पाकीट या घटकेला बादलीतून वर चढत असेल, तू नसलेल्या जहाजावर. नेट ते घरी पाठवील. आलं की न वाचता चुलीत घाल. किंवा वाच. मी त्यात काही खोटं लिहिलेलं नाही, पण तू पैज जिंकूनही उठून जाशील, ही शक्यता मी धरली नव्हती. तुझ्या न बोलण्याची धरली होती. हे डायरीतही लिहिलं आहे, तुझ्यासमोरही लिहिते.

चारच्या सुमाराला लेस्टरकाकांना फोन केला. म्हटलं, "व्हिटेकर."

"काय?" त्यांच्या हातातून बहुतेक पेन्सिल पडली. "अगं, म्हातारा पेटलाय, आणि तू आता त्याला बसवतेस? खुर्ची जाईल, पोरी!"

"जाऊ दे गेली तर."

"मर्लची संमती आहे?"

"सहीनिशी आहे. वाचून दाखवू?"

ते म्हणाले, "नको. तो बरा आहे ना?" मी काही सांगितलं नव्हतं, तरी विचारलं. मी म्हटलं, "उद्या येतोय." ते म्हणाले, "मग रविवारी दोघं इकडेच या सामना बघायला. खुर्ची एकच आहे, पण गॅरी उशी ठेवून गेलाय, तू उशीवर बस."

व्हिटेकर किती गुण करील, मला माहीत नाही. तो हसत हसत चेंडू दुसऱ्याच्या हातात देईल, अशीही भीती आहे. खुर्ची राहील की जाईल हे हंगाम संपेपर्यंत कळणार नाही. पण हा निर्णय आपण दोघांनी मिळून, दोन्ही बाजू बघून केला आहे. बाबांना खुर्चीपेक्षा ते आवडलं असतं, असं लिहिणार होते. खरं म्हणजे त्यांना खुर्चीच जास्त आवडायची.

तुझ्या डॉक्टरांचा निरोप वाचून आज मधल्या सुट्टीत वर्गात एकटी थांबले. उजवा डोळा झाकून फळ्याकडे बघत राहिले. डावीकडची खिडकी दिसली, तिचा निळा पडदा दिसला. बरं वाटलं. मग वाटलं, सोळा वर्षं मी याच वर्गात शिकवते आहे. खिडकी मला खरंच दिसली, की ती तिथे आहे हे मला पाठ आहे? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझ्यासाठी घेतलेल्या बुधवारच्या वेळेला जोडून माझीही घेतली आहे.

मागच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवलं. पलंग डाव्या भिंतीला लावला, म्हणजे दार उजवीकडे राहतं.

आता पुढचं डायरीसारखंच लिहिते, कारण हा कागद तुला पाठवायचा नाही, टेबलावर ठेवायचा आहे.

उद्याचं काम: बस आली की मर्लच्या उजव्या बाजूला उभं राहणं.